पहिली किक मारण्याआधी: रिस्टोर केलेल्या बीएसए गोल्ड स्टारची तपासणी, टायमिंग आणि पहिले पाचशे मैल

क्रोम आरशासारखे चकाकते आहे, टाकीवरच्या लाल गोल बिल्ल्यात सोनेरी तारा उठून दिसतो आहे आणि ॲल्युमिनियमच्या फिन्सवर तेलाचा एक डाग नाही, अशी बीएसए या ब्रिटिश कंपनीची जुनी गोल्ड स्टार मोटारसायकल दारात येऊन उभी राहिली की किक मारायचा मोह कुणालाही आवरत नाही. तो आवरावा आणि निदान दोन सुट्ट्या पाने-हत्यारे घेऊन तिच्यापाशी बसून काढाव्यात, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. माझा अनुभव असा की रिस्टोर केलेल्या गाडीचे अर्धेच काम कार्यशाळेत होते. उरलेले अर्धे मालकाला पहिल्या पाचशे मैलांत स्वतः करावे लागते, आणि ते टाळले तर कार्यशाळेत ओतलेला पैसाही पाण्यात जातो.

हे विवेचन १९५६ ते १९६३ या काळात बनलेल्या ५०० सीसीच्या डीबीडी ३४ या मॉडेलविषयी, त्यातही क्लबमन प्रकाराविषयी आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना बीएसए म्हटले की दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराच्या एम २० गाड्या आठवतात, मधल्या पिढीला सायकल आठवते, आणि २०१६ मध्ये महिंद्र समूहाने हे नाव विकत घेतल्यापासून नव्या पिढीला पाण्याने थंड होणारी ६५० सीसीची नवी गोल्ड स्टार माहीत आहे. त्या नव्या गाडीचा आणि या लेखाचा नावापलीकडे संबंध नाही.

ही गाडी अशी का वागते

गाडी हाताळण्यापूर्वी तिचा स्वभाव कुठून आला हे ठाऊक असले की पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. ३० जून १९३७ रोजी वॉल हॅन्डली याने इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर मिथेनॉलवर चालणाऱ्या बीएसए एम्पायर स्टारवरून तीन फेऱ्यांची शर्यत ताशी १०२.२७ मैलांच्या सरासरीने जिंकली. त्यातली त्याची सर्वांत वेगवान फेरी ताशी १०७.५७ मैलांची होती. तिथे शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारणाऱ्याला कोटाला लावायचा एक छोटा सोनेरी तारा मिळत असे, आणि पुढच्याच वर्षी बीएसएने आपल्या नव्या मॉडेलला त्या ताऱ्याचेच नाव दिले.

युद्धानंतर आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) या मोटारसायकल शर्यतींमध्ये हौशी चालकांसाठी आणि सर्वसामान्यांना विकत मिळणाऱ्या गाड्यांसाठी क्लबमन गट सुरू झाला. १९४९ पासून १९५६ पर्यंत ३५० सीसीच्या ज्युनिअर क्लबमन शर्यतीचे विजेतेपद दरवर्षी गोल्ड स्टारकडेच गेले. १९५५ ची सीनिअर शर्यत एडी डाऊने जिंकली आणि १९५६ मध्ये बर्नार्ड कॉडने ज्युनिअर व सीनिअर दोन्ही जिंकल्या. एकाच गाडीची एवढी सद्दी असलेल्या शर्यतीत बघण्यासारखे फारसे उरत नाही, आणि त्या वर्षानंतर हा गट टीटीतून गेला.

क्लबमन डीबीडी ३४ म्हणजे नंबर प्लेट आणि दिवे लावलेली शर्यतीची गाडी होय. तिच्या ८५ बाय ८८ मिलिमीटरच्या एकाच सिलिंडरला दीड इंची ॲमल जीपी कार्बोरेटर असतो आणि त्याला संथ, एकसारखे आयडलिंग जमत नाही. आरआरटी २ हा गिअरबॉक्स इतका जवळच्या गुणोत्तरांचा आहे की पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताशी साठ मैलांच्या आसपास जाऊ शकते, म्हणजेच सिग्नलवरून सुटताना क्लच बराच वेळ अर्धा दाबून ठेवावा लागतो. बुलेटवर संथपणे बाजारातून फिरण्याची सवय असलेल्या माणसाला हे दोष वाटतात. ते दोष नाहीत, आणि ते ‘दुरुस्त’ करायच्या नादात अनेक चांगल्या गाड्या बिघडवल्या गेल्या आहेत.

ओळख आणि कागदपत्रे

गोल्ड स्टारची किंमत तिच्या बी ३१ आणि बी ३३ या साध्या बहिणींपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि दोघींचे पुष्कळ भाग एकमेकींना बसतात. साहजिकच साध्या गाडीला गोल्ड स्टारचा वेष चढवून विकण्याचा उद्योग जुना आहे. सौदा होण्यापूर्वी, आणि सौदा झालाच असेल तर निदान विमा उतरवण्यापूर्वी, पुढील गोष्टी पाहाव्यात.

क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, डीबीडी ३४ जीएस अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक ठोकलेला असतो. अंकांची उंची एकसारखी आहे का, त्यांच्या भोवतीचा पृष्ठभाग कानशीने घासल्यासारखा किंवा वेल्डिंगने भरल्यासारखा दिसतो का, हे तिरप्या उजेडात भिंगाने पाहावे. फ्रेमच्या क्रमांकाआधी सीबी ३२ ही अक्षरे आढळली तर दचकू नये. ५०० सीसीच्या गाड्यांनाही तीच फ्रेम होती, आणि त्या काळी इंजिन व फ्रेमचे क्रमांक सारखे ठेवण्याची बीएसएची पद्धत नव्हती. खाली वाकून इंजिनाखालची उजवी नळी पाहावी. गोल्ड स्टारच्या फ्रेममध्ये तेलपंपाला जागा मिळावी म्हणून या नळीला मुद्दाम बाक दिलेला असतो. हा बाक दिसला म्हणजे गाडी खरी असे लगेच मानू नये, पण तो नसेल तर विक्रेत्याला पुढचे प्रश्न विचारायला भरपूर कारण मिळते.

यानंतर दोन्ही क्रमांक घेऊन ब्रिटनमधल्या बीएसए ओनर्स क्लबकडे किंवा व्हिंटेज मोटर-सायकल क्लबच्या ग्रंथालयाकडे चौकशी करावी. कारखान्यातून गाड्या बाहेर पाठवल्याच्या नोंदवह्यांवरून हे इंजिन आणि ही फ्रेम एकत्रच बाहेर पडली होती का, हे तिथून कळू शकते. प्रत्येक गोल्ड स्टारचे इंजिन कारखान्यात डायनॅमोमीटरवर तपासले जाई आणि त्याच्या अश्वशक्तीची नोंद असलेला कागद ग्राहकाला मिळे; तो मूळ कागद गाडीबरोबर आला तर तो टाकीवरच्या नव्या क्रोमपेक्षा मोलाचा समजावा. मात्र कॅम, पिस्टन, गिअरची गुणोत्तरे, टाकी, ब्रेक हे सारे ग्राहक मागणीप्रमाणे निवडू शकत असे, त्यामुळे ‘कारखान्यातून अशीच आली होती’ हे विधान नोंदवहीशिवाय मानू नये आणि खोटेही ठरवू नये.

गाडी भारतात ठेवायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेला बदल वाचून ठेवावा. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. या व्याख्येत चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशीही अट आहे. म्हणून रिस्टोरेशन करणाऱ्याने कोणता भाग बदलला आणि कोणता दुरुस्त केला याची लेखी यादी छायाचित्रांसह मागून घ्यावी. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न झालेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते, पण सूट मिळाली तरी ती तपासणी मी दरवर्षी स्वखुशीने करून घेतो. ब्रेक दुसऱ्याने पाहिलेले बरे.

आधी पाने, मग तेल

या गाडीवर मिलिमीटरचा पाना लावू नये. तिचे बहुतेक नट-बोल्ट ब्रिटिश सायकल थ्रेडचे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी इंचाला २६ आटे असलेले आहेत, आणि त्यांच्या डोक्यांना व्हिटवर्थ मापाचे पानेच नीट बसतात. जवळपासचा मिलिमीटर पाना ‘बसतो’ असे वाटते खरे, पण दोनदा फिरवला की कोपरे गोल होतात आणि नव्याने मुलामा दिलेला बोल्ट भंगारात जातो. व्हिटवर्थ पान्यांचा एक बरा संच घेणे ही पहिली पायरी, आणि त्या संचाने गाडीवरचा प्रत्येक नट हाताने तपासून पाहणे ही दुसरी. तपासलेल्या नटावर रंगाची बारीक रेघ ओढावी, म्हणजे पुढे शंभर मैलांनी तो जागचा हलला का हे नुसत्या नजरेने कळते.

आता तेल. या इंजिनाचे वंगण ड्राय सम्प पद्धतीचे आहे: तेल सीटखालच्या वेगळ्या टाकीत राहते, पंपाचा एक भाग ते इंजिनात ढकलतो आणि दुसरा भाग क्रँककेसच्या तळाशी साचलेले तेल उचलून परत टाकीत पाठवतो. रिस्टोर केलेल्या गाडीत या व्यवस्थेला सर्वांत मोठा धोका असतो तो स्वच्छतेच्या नावाखाली झालेल्या घाणीचा. हे मी फार महागात शिकलो. माझी गाडी जिथे रिस्टोर झाली तिथे तेलाची टाकी रंगवण्यापूर्वी बारीक काचेचे मणी मारून साफ केली होती. बाहेरून ती इतकी सुरेख दिसत होती की आत पाहायचे मला सुचलेच नाही. चाळीस मैलांनंतर क्रँककेसच्या तळाची प्लेट उघडली तेव्हा जाळीवर काहीतरी चमकत होते. बोटावर घेऊन चोळले तर बारीक रवा चोळावा तशी कचकच लागली. टाकीच्या सांध्याच्या खाचेत अडकलेले ते मणी गरम तेलाबरोबर सुटले होते आणि थेट बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, रोलर बेअरिंगपर्यंत पोचले होते. पूर्ण क्रँक उघडून नवी क्रँकपिन बसवावी लागली.

म्हणून कार्यशाळेवर कितीही विश्वास असला तरी तेलाची टाकी गाडीवरून उतरवावी. तिच्यात थोडे रॉकेल घालून, तोंड बंद करून, सर्व बाजूंनी हलवावी आणि ते रॉकेल स्वच्छ पांढऱ्या सुती कपड्यातून गाळावे. कपड्यावर काही दिसले तर पुन्हा करावे, आणि कपडा सलग तीन वेळा कोरा निघेपर्यंत थांबू नये. पुरवठ्याच्या आणि परतीच्या नळ्या, टाकीतली जाळी, क्रँककेसखालच्या प्लेटवरची जाळी या सर्वांना हाच नियम लावावा.

टाकी परत चढवल्यावर त्यात सुमारे ३ लिटर तेल मावते. इंजिन रोलर बेअरिंगचे आहे आणि त्यात आधुनिक धर्तीचा फिल्टर नाही, त्यामुळे बाजारातल्या अतिमहाग सिंथेटिक तेलांची येथे गरज नसते. एसएई ४० किंवा ५० चे साधे मोनोग्रेड तेल वेळेवर बदलत राहणे अधिक हिताचे. शर्यतीच्या दिवसांची हौस म्हणून काहीजण कॅस्ट्रॉल आर घालतात. ते मुळात एरंडेलाचे तेल. जळताना त्याचा जो गोडसर वास येतो तो ज्याने लहानपणी चमच्याने एरंडेल घेतले आहे त्याला अगदी अनोळखी वाटणार नाही. पण ते खनिज तेलात मिसळू नये आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वापरूच नये, कारण ते चिकट होऊन बसते.

पहिल्यांदा तेल भरल्यावर पुरवठ्याच्या नळीत हवा अडकलेली असते. पंपाकडचे टोक थोडे सैल करून तेलाची अखंड धार येईपर्यंत थांबावे आणि मग घट्ट करावे. त्यानंतर प्लग काढून, इग्निशनशिवाय, शांतपणे तीस-चाळीस किक माराव्यात आणि टाकीच्या तोंडातून परतीच्या नळीवर डोळा ठेवावा. तिथून तेलाचे थेंब आणि बुडबुडे पडताना दिसले की पंप दोन्ही बाजूंनी काम करतो आहे हे कळते.

याच पंपाची दुसरी खोड म्हणजे गाडी काही आठवडे उभी राहिली की तेल हळूहळू पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. अशा गाडीला तशीच किक मारली तर निळ्या धुराचा लोट निघतो आणि क्रँककेसमधला दाब मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर फेकतो. उपाय साधा आहे: लांब विश्रांतीनंतर तळाची प्लेट किंवा प्लग उघडून साचलेले तेल भांड्यात काढावे, गाळावे आणि टाकीत परत घालावे. नळीत तोटी बसवण्याचा सल्लाही मिळतो. तो मी पाळत नाही. एकदा तोटी उघडायला विसरले की वाचलेले सारे श्रम पाच मिनिटांत सव्याज फिटतात.

टॅपेट आणि मॅग्नेटो

गोल्ड स्टारमध्ये व्हॉल्व्हचे (टॅपेटचे) अंतर जुळवण्यासाठी नेहमीचा स्क्रू आणि लॉकनट नसतो. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ज्या दांड्यावर झुलतो तो दांडाच विकेंद्री, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या अक्षाचा, असतो. तो किंचित फिरवला की रॉकर वर किंवा खाली सरकतो. या योजनेमुळे रॉकरचे हलते वजन कमी राहते, आणि वेगात फिरणाऱ्या इंजिनाला तेच हवे असते. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, आपल्या गाडीत बसवलेल्या कॅमसाठी बीएसएच्या पुस्तिकेत दिलेले अंतर फीलर गेजने ठेवावे. दांड्याचा नट आवळताना दांडा थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यानंतर अंतर पुन्हा मोजल्याशिवाय झाकण लावू नये. हे दोनतीनदा करावे लागते; चिडून उपयोग नाही.

इग्निशनचे टायमिंग मात्र डोळे झाकून कुणावर सोपवू नये. वीस रुपयांच्या चुकीने पिस्टनला भोक पडू शकेल अशी ही एकमेव जागा आहे. प्रथम मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचे, पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) स्वच्छ करून त्यांच्यातले अंतर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर ठेवावे. त्यानंतर क्रँकच्या टोकावर अंश दाखवणारी तबकडी बसवावी. पिस्टनचे वरचे टोक नुसत्या अंदाजाने ठरवू नये, कारण तिथे क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवून क्रँक आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने हलक्या हाताने टेकवावा, दोन्ही आकडे घ्यावेत आणि त्यांचा मध्य काढावा. तो मध्य म्हणजे खरे वरचे टोक.

आता हँडलवरचा टायमिंगचा लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सला, म्हणजे ठिणगी सर्वांत लवकर पडेल अशा जागी, न्यावा. केबल ओढल्यावर ॲडव्हान्स होते की सोडल्यावर, हे मॅग्नेटोकडच्या टोकाला कॅम रिंग हलताना प्रत्यक्ष पाहून ठरवावे; रिस्टोरेशनमध्ये केबल उलट जोडलेली मी पाहिली आहे. क्रँक आपल्या पिस्टन आणि कॅमसाठी पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणावा, पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरावा आणि मॅग्नेटोचा गिअर टेपरवर सैल असताना आर्मेचर फिरण्याच्या दिशेने इतके हलवावे की कागद किंचित ओढल्यावर नुकताच सुटेल. त्याच क्षणी पॉइंट उघडू लागलेले असतात. गिअर आवळावा आणि क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी. आवळताना दोन अंशांचा फरक पडला तर सगळे सोडून पुन्हा सुरुवात करावी.

थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकेला सुरू होणारी गाडी दहा मैल चालून थांबल्यावर काही केल्या सुरू होत नसेल, तर कार्बोरेटरला दोष देण्याआधी मॅग्नेटोकडे पाहावे. जुन्या आर्मेचरचे इन्सुलेशन आणि आतला कॉन्डेन्सर गरम झाले की हात टेकतात. बाहेरून पॉलिश केलेला मॅग्नेटो आतून नव्याने गुंडाळलेला असेलच असे नाही, म्हणून कामाच्या यादीत ‘रिवाइंडिंग’ आणि ‘नवा कॉन्डेन्सर’ हे दोन शब्द आहेत का ते शोधावे.

कार्बोरेटर आणि पेट्रोल

ॲमल जीपीचा फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारी छोटी कुपी, कार्बोरेटरच्या अंगाला चिकटलेला नसून बाजूला वेगळा टांगलेला असतो, आणि एकच सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या थरथरीने पेट्रोलला फेस येऊ नये म्हणून तो रबरावर बसवतात. त्याची उंची थोडी चुकली तरी सगळा हिशेब बिघडतो: उंच झाला तर गाडी उभी असताना पेट्रोल गळते, खाली गेला तर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. रंगकाम करणाऱ्याने ब्रॅकेट काढून परत लावताना वायसर बदलला एवढ्यानेही हे घडते. म्हणून जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे छिद्र) बदलायच्या फंदात पडण्यापूर्वी फ्लोटची उंची पुस्तिकेप्रमाणे आहे हे पट्टीने मोजून पाहावे.

जेटची निवड प्लगवरून करावी. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर इंजिन पूर्ण गरम असताना काही अंतर एकाच थ्रॉटलवर जावे, मग इग्निशन आणि क्लच एकदम तोडून थांबावे आणि प्लग काढून पाहावा. चॉकलेटी रंग योग्य, काजळी आली तर मिश्रण जाड, आणि पांढुरका प्लग दिसला तर त्याच जेटवर घरी परतण्याचेही धाडस करू नये. ज्यांना गाडी मुख्यतः गावातून चालवायची आहे त्यांनी जीपी जपून ठेवून लहान तोंडाचा ॲमलचाच साधा मोनोब्लॉक कार्बोरेटर बसवण्यात काही कमीपणा मानू नये; वरचा थोडा वेग जातो, पण चौकात इज्जत राहते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रश्न आता टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि भारतात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि टाकीला आतून दिलेले काही लेप सुटून त्यांचे पापुद्रे कार्बोरेटरात येतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, टाकीच्या आत टॉर्चचा उजेड टाकून लेप उचलला गेला नाही ना ते पाहावे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

पहिली किक

गाडी मोकळ्या जागेत आणावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावे. ही अतिशयोक्ती नाही: सुरू करताना या कार्बोरेटरातून पेट्रोल मुद्दाम सांडू द्यावे लागते, आणि त्याच वेळी इंजिनाने उलटी शिंक दिली तर ते पेट घेऊ शकते.

पेट्रोलचा कॉक उघडून फ्लोटवरचा टिकलर (फ्लोट खाली दाबणारे छोटे बटण) दाबावा आणि पेट्रोल बाहेर डोकावले की सोडावा. टायमिंगचा लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सवरून सुमारे एक तृतीयांश मागे घ्यावा. हे विसरले तर किक उलटी बसते आणि पोटरीला किंवा घोट्याला जन्मभराची आठवण राहते. जाड तळाचे बूट घालावेत, चप्पल कदापि नको. मागे सरकवलेल्या फूटरेस्टवर किकचा दांडा आपटतो, म्हणून उजवा फूटरेस्ट दुमडून घ्यावा. किक हळूहळू दाबत पिस्टन कॉम्प्रेशनला टेकवावा, व्हॉल्व्ह उचलणारा लिव्हर असेल तर तो ओढून, नसेल तर अंगाचा भार टाकून त्याला टोकाच्या अगदी किंचित पुढे न्यावे, किक परत वर आणावी आणि मग थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून, घाईने झटका न देता, उभे राहून सबंध वजनानिशी एक लांब किक मारावी. बुलेटच्या जुन्या चालकांना ही कसरत ओळखीची वाटेल. इथे चुकीला माफी मात्र कमी आहे.

इंजिन धरले की लिव्हर पुढे न्यावा, थ्रॉटलने फिरणे मध्यम ठेवावे आणि लगेच तेलाच्या टाकीत पाहावे. मिनिटाभरात परतीची धार दिसली नाही तर इंजिन बंद करावे आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा सुरू करू नये. या इंजिनाला एका जागी उभे ठेवून तापवत बसू नये, कारण त्याला थंड करणारी हवा गाडी पुढे गेल्यावरच मिळते.

पहिले पाचशे मैल

पहिल्या फेरीत वेगापेक्षा ब्रेककडे लक्ष द्यावे. नवे लाइनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकलेले नसतात, त्यामुळे आठ इंची पुढचा ब्रेकही पहिल्या दिवशी लाकडी वाटतो. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा हलके ब्रेक लावून, मध्ये ड्रम थंड होऊ देऊन, ते बसवावे लागतात. ड्रम उघडण्याची वेळ आली आणि लाइनर जुनेच असल्याचे दिसले तर आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नये. त्या काळच्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या कपड्याने पुसून तो कपडा पिशवीत बंद करून टाकावा. टायर नवे दिसत असले तरी त्यांच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. लांबलेल्या रिस्टोरेशनमध्ये सुरुवातीलाच आणून ठेवलेले टायर गाडी रस्त्यावर येईपर्यंत आठ-दहा वर्षांचे होतात.

पहिल्या पन्नास मैलांनंतर तेल गरम असतानाच काढून टाकावे आणि तळाची जाळी तपासावी. ॲल्युमिनियमची बारीक राखाडी पावडर थोडी दिसणारच. चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर पुढे जाऊ नये. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी सिलिंडर हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून पुन्हा आवळावेत. नवे गॅस्केट दबल्याने ते सैल झालेलेच असतात, आणि ते आवळले की टॅपेटचे अंतर बदलते, म्हणून तेही पुन्हा पाहावे. शंभर मैलांच्या आसपास स्पोक पान्याच्या टोकाने वाजवून पाहावेत. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द.

चालवताना या काळात ४००० आरपीएमची मर्यादा पाळावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवू नये. पूर्ण थ्रॉटल आणि कमी फिरणे ही जोडी नव्या पिस्टनला वेगापेक्षा जास्त घातक असते. चढ आला की निःसंकोच खालचा गिअर टाकावा. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे हे अडचणीच्या क्षणी शरीर विसरते, म्हणून पहिले काही दिवस गर्दीत जाऊच नये. दोनशे मैलांनंतर मर्यादा पाचशे-पाचशेने वाढवत न्यावी. कधीतरी लांब उतारावर थ्रॉटल बंद केला की मागच्या निमुळत्या सायलेन्सरमधून पाखरे किलबिलावीत तसा तो प्रसिद्ध आवाज येईल. तो ऐकायला मिळाला की कार्बोरेटर आणि टायमिंग बऱ्यापैकी जुळले आहेत असे मी धरून चालतो.

पाचशे मैलांवर तेल दुसऱ्यांदा बदलावे, प्राथमिक चेनचा (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या साखळीचा) ताण पाहावा, मॅग्नेटोच्या पॉइंटचे अंतर पुन्हा मोजावे आणि सुरुवातीला ओढलेल्या रंगाच्या रेघा एकेक करून तपासाव्यात. जो नट दोनदा हलला त्याच्याखाली लॉकिंग वायसर किंवा आटे धरणारे द्रव वापरावे. माझ्या गाडीत तो नट दरवेळी एकच असतो, इंजिनाच्या माथ्याला फ्रेमशी जोडणाऱ्या पट्टीचा. आता गॅरेजमधून बाहेर पडताना हेल्मेट चढवण्याआधी पाना आपोआप त्याच्याकडे जातो.